अश्विता आणि आतल्या सगळ्यांस

शंकरपुर, ११ जुलै

चि. सौ. अश्विता हिस,
अत्तेचे अनेक आशीर्वाद.

तू बंगळुरूला दवाखान्यात सुखरूप पोचल्याचं कळलं. फोन करायचा नाही असं सबिहा डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून कागद घेऊन बसले. त्यांचं म्हणणं मला पटलं. फोन वाजला की ज्याच्या हातात तो असेल त्याला तिथल्या तिथे बोलावं लागतं. पत्राचं तसं नाही. ते उशीखाली पडून राहील आणि ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो वाचेल. 'तो' म्हणजे कोण कोण, हे मला अजून नीट समजायचंय. पण तू एकटीच वाचणार नाहीस, एवढं कळलंय.

लीनाबाय सकाळी कुंपणावरून ओरडून विचारते, "काय गं जलजा, सुनेला पत्र लिहितेस म्हणे? माझ्या सासूने मला लिहिलं असतं तर मी आधी पोलिसांत गेले असते." तिला हसू दे. ती रोज येऊन माझ्याबरोबर मोगरा ओवते, ते काही कमी नाही. आषाढाचा पाऊस धरून बसलाय, कळ्या थोड्या येतात, त्यातल्या निम्म्या भिजून तांबूस पडतात. काल अळूचे पत्रोडे केले. जास्तच झाले. तीन माणसांचं करायची सवय हाताला आहे.

तुझा हरीश ठीक आहे. मोटारी दुरुस्तीला फार आल्यात, त्यामुळे दुकानातच जेवतो.

शिवमोग्ग्याचं मी तुला काही विचारणार नाही. सकाळी शाळेत शिकवायला म्हणून निघालेली तू, आणि संध्याकाळी तिथल्या बसस्टँडवरून पोलिसांचा फोन. आम्ही पोचलो तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "अत्ते, मी घरातून निघाले तेवढं आठवतं. पुढचं काही नाही." हरीशला ते खोटं वाटलं. मी तुझ्या पायांकडे बघत होते. पायातल्या चपला तुझ्या नव्हत्या, नव्या होत्या, आणि तू त्यांच्याकडे अशी बघत होतीस की जणू त्या दुसऱ्या कुणाच्या पायात आहेत. खोटं बोलणारं माणूस एवढं घाबरत नाही.

आता एक गोष्ट सांगते. घरचं जुनं काही आठवलं तर लिहू का, असं डॉक्टरांना विचारलं होतं, त्या म्हणाल्या हरकत नाही.

दोन वर्षं झाली असतील. दुपारी हरीश दुकानात, तुझ्या शाळेला सुट्टी. मी पडवीत माळ ओवत बसायची. तू येऊन बसायचीस, पण कधी कधी यायचीस ती तू नसायचीस. बसणं वेगळं, गुडघे पोटाशी घेऊन. हात डावा. आवाज बारीक. तू मला अत्ते म्हणतेस, ती म्हणायची आज्जी. "आज्जी, मला शिकव ना." केळीच्या सोपटाची गाठ तिला काही केल्या जमत नसे. मी तिला गूळ-खोबरं द्यायची. हाक मारायला काहीतरी हवं म्हणून पुट्टी म्हणायला लागले. आपल्यात कुठलंही लहानगं पुट्टीच. थोड्या वेळाने तू उठायचीस, पदर सारखा करायचीस आणि विचारायचीस, "अत्ते, किती वाजले?"

मला वाटायचं, आईवेगळी पोर, लाडात येते. येऊ दे. मी कधी तुझ्याजवळ बोलले नाही, हरीशजवळही नाही. चारचौघात सांगण्यासारखं ते नव्हतंच, आमच्या दोघींतलं होतं.

सोबत वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात तिला दोन ओळी लिहिल्यात. तो कागद बाजूला ठेव. ती शोधेल.

तुझी अत्ते

शंकरपुर, २ ऑगस्ट

चि. सौ. अश्विता हिस, आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात आम्ही बंगळुरूला येऊन गेलो. तुला न भेटता गेलो म्हणून राग मानू नकोस. घरच्यांशी आधी वेगळं बोलायचं, असा डॉक्टरांचा नियम आहे.

सबिहा डॉक्टर मला आवडल्या. चष्मा सारखा डोक्यावर ठेवतात आणि मग टेबलावर शोधतात. त्यांनी एका कागदावर लिहिलं, डीआयडी. म्हणजे माणसाची 'मी'पणाची ओळख एकसंध न राहता निरनिराळ्या भागांत राहते, तो आजार. हरीशने लगेच विचारलं, "म्हणजे हिच्या अंगात येतं?"

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे कोल होतो ना? तिथे ढोल वाजतो, गाव हात जोडून उभं राहतं, दैव एकाच्या अंगात येतं, बोलतं आणि जातं. गावाला ते हवं असतं. इथे कुणी बोलावत नाही. आणि जे येतं ते बाहेरून आलेलं नसतं. ते तिच्यातलंच आहे, फार लहानपणापासून."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी सातवी शिकलेली बाई. मला कळेल असं सांगा."

मग त्यांनी फार छान सांगितलं बघ. तान्ह्या मुलाला एक अखंड 'मी' नसतो म्हणे. भुकेलं मूल वेगळं, खेळणारं वेगळं, भ्यालेलं वेगळं. भोवतालची माणसं माया करतात, जवळ घेतात, तसतसे ते सगळे एकमेकांत मिसळतात आणि पाचसहा वर्षांत एक माणूस तयार होतं. पण एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा असं काही सोसावं लागलं की जे सोसण्यापलीकडचं आहे, आणि पळून जायला जागा नाही, जवळ घ्यायला कुणी नाही, तर त्याचं मन मधे भिंती घालतं. भिंतीच्या अलीकडे शाळेत जाणारी, हसणारी मुलगी. पलीकडे ते सगळं सोसलेली. अलीकडचीला पलीकडचं ठाऊक नसतं, म्हणून तर ती जगू शकते. मोठेपणी भिंती तशाच राहतात. पलीकडचं कुणी पुढे आलं की अलीकडचीचा तेवढा वेळ गहाळ. तुझे गहाळ झालेले सगळे तास हे असे गेलेत.

"हे वेड नव्हे," त्या म्हणाल्या. "तिच्या मनाने तिला वाचवायला केलेली ही सोय आहे. आता तीच सोय तिला त्रास देतेय, एवढंच."

या सगळ्याला काय काय म्हणतात ते मी विचारून घेतलं. सगळ्या भागांना मिळून म्हणतात सिस्टिम. त्यातल्या एकेकाला ऑल्टर. बहुतेक वेळ जी पुढे असते, रोजचं जगणं चालवते, ती होस्ट, म्हणजे आमची तू. जो पुढे येऊन बोलतो-चालतो तो त्या वेळी फ्रंटला आहे म्हणायचं. एक मागे जाऊन दुसरा पुढे आला की स्विच. आणि ज्या आवाजाने, वासाने, गोष्टीने तसं होतं तो ट्रिगर. घरी येऊन लीनाबायला सांगितलं तर ती म्हणाली, "ऑल्टर आणि होस्ट? अगं, हे दोन्ही तर आमच्या चर्चमधले शब्द! ऑल्टर म्हणजे वेदी आणि होस्ट म्हणजे प्रसादाची भाकर. पाद्रीबाबांना विचारून येऊ का?" मी म्हटलं, तू ओव गप्प.

हरीशबद्दल लिहायचं नव्हतं, पण तू विचारशीलच. तो ऐकत होता, मान खाली. मग एकदम म्हणाला, "डॉक्टर, मग मी लग्न केलं ते कुणाशी?"

डॉक्टरांनी चष्मा डोक्यावर सरकवला. मग म्हणाल्या, "याचं उत्तर तुम्हाला तीच देईल, तिला जमेल तेव्हा. मी एवढंच सांगते, त्यातलं कुणीही खोटं नाही."

तो उठून बाहेर गेला. मला माहीत आहे, लहानपणापासून तो असाच आहे. दुखलं की खोलीतून उठून जातो.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला कधी कुणी भेटलंय?" मी पुट्टीचं सांगितलं. गुळाचं, गाठीचं, सगळं. त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "लहान ऑल्टर असे सहज कुणाजवळ जात नाहीत. तिला तिथे सुरक्षित वाटलं असणार." बसमध्ये मी तेच आठवून डोळे पुसत होते. मागच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "काय अक्का, कुणी गेलं का?" मी म्हटलं, नाही, आलंय.

तू गोळ्यांबद्दल लिहिलंस, झोप न येण्याबद्दल लिहिलंस. पुट्टीबद्दल काहीच लिहिलं नाहीस. ती बरी आहे ना?

तुझी अत्ते

शंकरपुर, २४ ऑगस्ट

चि. गिरी यास, आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. "म्हातारे, गोड बोलून काय काढून घ्यायचंय तुला? तिला पत्रं पाठवू नकोस." अक्षर तिरकं, दाबून लिहिलेलं, कागद मागून उमटलाय. खाली नाव घातलंस, ते बरं केलंस. नाहीतर मी उत्तर कुणाला लिहिलं असतं?

म्हातारी मी आहेच. राग नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की प्रत्येक सिस्टिममध्ये बहुधा कुणीतरी राखणदार असतो. तो चिडका असतो, शिव्या देतो, कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि घरचे लोक हाच वाईट म्हणून त्याला घालवायला बघतात. तसं करायचं नाही. तो नसता तर बाकीचे राहिले नसते. तू सतरा वर्षांचा मुलगा आहेस असं तू त्यांना सांगितलंस म्हणे. बाईच्या देहात मुलगा कसा, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्या छोट्या मुलीला जेव्हा कुणीतरी दांडगं हवं होतं तेव्हा तिच्या मनाला जो सुचला तो हा. मला ते समजलं.

तुझी माझी भेट झालेली आहे. तुला आठवत असेल. तुला सगळं आठवतं असं डॉक्टर म्हणतात. गेल्या वर्षी हरीश आणि अश्विताचं भांडण झालं, कुठे गेली होतीस आणि आठवत कसं नाही, यावरून. आणि हरीशने रागात खोलीला बाहेरून कडी घातली. "थोडी शांत होईल मग उघडतो." मी मागच्या अंगणात होते. आधी तिची ओरड ऐकली. मग एकदम काहीच नाही. मग दाराला अशी धडक बसली की कडी चौकटीतून उपटून आली. आणि आतून जो बाहेर आला त्याने हरीशची गचांडी धरून त्याला भिंतीला टेकवलं. "पुन्हा कोंडलंस तर बघ." आवाज जाडा, डोळे लाल. हरीश दांडगा गडी, पण पांढरा पडला.

आम्ही दोघं तेव्हा तुला घाबरलो. तू कशाला घाबरला होतास ते आम्हाला सुचलं नाही.

ती कडी परत बसवलेली नाही. परवा सुताराला बोलावून घरातल्या सगळ्या खोल्यांच्या बाहेरच्या कड्या काढून घेतल्या. त्याने विचारलं, "अम्मा, चोर आला तर?" मी म्हटलं, चोराला मी बघून घेईन.

मला काय काढून घ्यायचंय, विचारतोस. काही नाही रे. पत्रं मी पाठवणार. तू आधी वाच, तपास, वाटलं तर फाड. मी पुन्हा लिहीन.

जलजाक्षी

शंकरपुर, १५ सप्टेंबर

गिरी,

हे पत्र सबिहा डॉक्टरांकडे पाठवते आहे. त्या आधी वाचतील आणि त्यांना योग्य वाटेल त्या दिवशी, त्यांच्यासमोर, तुला देतील. फक्त तुला. पुट्टी आसपास असेल तर वाचू नकोस. अश्विताला यातलं किती आणि कधी सांगायचं ते डॉक्टर आणि तू ठरवा. तुला यात नवं काही नाही. मला मात्र आता कळलं.

गणेशचौती झाल्यावर दुसऱ्या दिवशी दोड्डम्मा आली. अश्विताची आई गेल्यावर जिने तिला नेऊन ठेवून घेतलं, ती हेब्रीची थोरली मावशी. हरीशने तिला बोलावलं होतं. मला ठाऊक नव्हतं. फणसाचे पापड, घरचे मिरे, केळीचा घड, सगळं घेऊन आली. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडून रडली. "अय्यो जलजक्का, माझी पोर! डॉक्टर लोकांनी तिच्या डोक्यात काय काय भरवलंय!"

हरीशचं आणि तिचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी करून बंगळुरूला जायचं, उपचार बंद करायचे आणि तिला हेब्रीला न्यायचं. "महिनाभर माझ्याकडे ठेवते. लहानपणी कशी सरळ केली होती, तशी करते."

मी पेल्यांत धणे-जिऱ्याचं कषाय ओतत होते. सहज विचारावं तसं विचारलं, "फार त्रास द्यायची का हो लहानपणी?"

"विचारू नका! आई गेलेली, बाप लांब हॉटेलात कामाला. ही सारखी रडायची. जेवायची नाही. मारलं तरी तेच. मग आमची भाताची कोठी होती ना, लाकडाची, मोठी, तिच्यात घालायची आणि वर फळी."

"फळी?" हरीशने विचारलं.

"फळी, आणि तिच्यावर पोतं. नाहीतर उचलायची ना! पहिल्या पहिल्यांदा काय ओरडायची, शेजारचे यायचे विचारायला. पण नंतर नंतर, काय सांगू जलजक्का, आत घातली की एकदम शांत. बाहेर काढली की डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नावाने हाक मारली तर बघायचीही नाही, जसं काही ते तिचं नावच नव्हे. मी यांना म्हटलं, बघा, सुधारली."

आणि ती हसली, गिरी. कौतुकाने हसली. आपल्या हातून चांगलं काम झालं अशा थाटात.

मी विचारलं, "केवढी होती तेव्हा?"

"शाळेत कुठे घातली होती अजून!"

हरीशच्या हातात पेला तसाच होता. त्याने विचारलं, "किती वेळा?"

"ते कोण मोजतंय बाळा? पोरं वाढवायची म्हणजे..."

पेला खाली ठेवून तो उठून आत गेला. मला वाटलं, झालं, गेला नेहमीसारखा. पण तो बाहेर आला तो तिची पिशवी घेऊन. अंगणात उतरला, रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली, पिशवी आत ठेवली. म्हणाला, "दोड्डम्मा, उडुपीहून हेब्रीची बस आहे. निघा."

तिला कळेना. माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अक्का, यापुढे या घरात यायचं नाही. ती जिथे असेल तिथेही जायचं नाही. फोनही नको."

"मी वाढवलंय तिला!"

"तुम्ही नाही वाढवलं. ज्यांनी वाढवलं त्यांची माझी ओळख झालीय."

पापड, मिरे, केळी, सगळं तिच्या मागोमाग रिक्षात ठेवलं. लीनाबाय कुंपणाशी उभी होती. तिने काही विचारलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

ती गेल्यावर मला शिवमोग्ग्याचं लक्षात आलं. त्या दिवशी सकाळी दोड्डम्माचा फोन आला होता, राहायला येते म्हणून. अश्विता शाळेला निघताना मीच तिला सांगितलं होतं, "तुझी दोड्डम्मा येतेय उद्या." ती हो म्हणाली होती. मग तू पुढे आलास, आणि अश्विता-पुट्टीला घेऊन बस जाईल तेवढं लांब निघालास. घाटापलीकडे. नव्या चपला पण तूच घेतल्यास, लांब चालायचं म्हणून. हो ना?

तू आतून राखत आलास, इतकी वर्षं, कुणीही न सांगता. दारावर आता मी आहे. हरीशही आहे, असं मी म्हणणार होते, पण ते त्याने स्वतः दाखवावं. तू दमला असशील. थोडं बसलास तरी चालेल.

तुझी कोण म्हणून सही करू? तूच सांग.

जलजाक्षी

शंकरपुर, ३ ऑक्टोबर

चि. सौ. अश्विता हिस, आशीर्वाद.

दोड्डम्मा इथे येऊन गेली आणि आता पुन्हा येणार नाही, एवढं डॉक्टरांनी तुला सांगितल्याचं कळलं. तेवढंच पुरे. बाकीचं तुला हवं असेल तेव्हा, त्यांच्यासमोर. नको असेल तर नको. कुणी घाई करणार नाही.

आता मी जे लपवलं ते सांगते. हरीशला दुकानात काम फार आहे असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. तो दुकानात झोपत होता. उडुपीच्या वकिलाकडे जाऊन आला होता आणि घटस्फोटाचे कागद तयार करून ड्रॉवरमध्ये ठेवले होते. तुला कळलं तर तू उपचार सोडून परत येशील, किंवा परत यायचंच सोडशील, अशी मला भीती वाटली. म्हणून गप्प राहिले.

दोड्डम्मा गेली त्या संध्याकाळी तो अंगणात मोगऱ्याच्या झाडांपाशी किती तरी वेळ उभा होता. मग येऊन पायरीवर बसला. "अम्मा, मी पण तिला कोंडलं होतं." तसं नव्हतं रे, असं म्हणणं मला जड गेलं नसतं, पण ते खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो घरी जेवतो. विचारतो फार. एकदा म्हणाला, "सगळ्यांचा वाढदिवस एकच असतो का?" एकदा म्हणाला, "माझ्याशी लग्न झालं तेव्हा मांडवात कोण होतं?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी पाहुण्यांच्या जेवणाचं बघत होते. तो हसला. किती दिवसांनी हसला. मग म्हणाला, "मला अश्विता हवीय, अम्मा. पण ती एकटी येणार नाही ना? मग बाकीच्यांची मला ओळख करून घ्यावी लागेल."

परवा म्हणाला, "पुट्टीला काय आवडतं?" मी नाही सांगितलं. म्हटलं, तिलाच विचार. पहिल्यांदा उत्तर देणार नाही. दुसऱ्यांदाही देणार नाही.

तो पुढच्या रविवारी येतोय. डॉक्टरांना विचारून. त्यांच्या दवाखान्यामागच्या बागेत बसेल. तुला वाटलं तर भेट, नाही वाटलं तर खिडकीतून बघ आणि परत जा. त्याला मी पढवून पाठवतेय. आता तू कोण आहेस, असं विचारायचं नाही. अश्विताला परत बोलव, असं म्हणायचं नाही. जो समोर असेल त्याच्याशी सरळ बोलायचं. आणि कागदांचं स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

आणखी एक. मी डॉक्टरांना फोनवर विचारलं होतं, अश्विता बरी झाली म्हणजे पुट्टी जाणार का? म्हणाल्या, "कुणी मरत नाही, जलजम्मा. आधी सगळ्यांनी एकमेकांना ओळखायचं, आतल्या आत बोलायला शिकायचं. भिंतींना खिडक्या पडतात, मग दारं. पुढे काही जणांचे भाग मिसळून एक होतात. काही जण तसेच, पण समजुतीने, एका घरात राहतात. दोन्ही बरं होणंच आहे. कसं राहायचं ते त्यांनी ठरवायचं."

मला फार हायसं वाटलं. तुम्ही कसेही या. एक होऊन या, नाहीतर सगळे या.

तुझी अत्ते

बंगळुरू, १९ ऑक्टोबर

ती. अत्ते,
सा. नमस्कार.

तुमची सगळी पत्रं माझ्याजवळ आहेत. काही मी वाचलीत. काही मी उघडली नव्हती, तरी ती उघडलेली दिसतात आणि घड्या उलट्या पडल्यात. एकावर पेनने मांजर काढलंय. त्याला पाय पाच आहेत. त्यामुळे पुट्टी बरी आहे असं समजा.

हरीश आले होते.

मी खिडकीतून बघून परत जाणार होते. ते बाकाच्या अगदी कडेला बसले होते, जसं काही बाकीचा बाक आधीच भरलाय. ते बघून मी खाली उतरले. ते उठून उभे राहिले. "बसू का इथे?" असं विचारलं. आधीपासून बसले होते ते तेच! मला हसू आलं. मग आम्ही दोघं बसलो. त्यांनी वकिलाचं सांगितलं. कुठेही अडखळले नाहीत, पाठ करून आल्यासारखं. मी म्हटलं, मलाही अजून काही ठरवता येत नाही. ते म्हणाले, "नको ठरवू. मी पुढच्या रविवारी येतो."

मग फाटकातून एक माणूस आला, साबणाचे फुगे विकणारा. तो फुंकत फुंकतच आला. आणि मला कळलं की पुट्टी येतेय.

अत्ते, हे कसं सांगू? एरवी असं होतं तेव्हा दिवे गेल्यासारखं होतं. परत येतात तेव्हा मी दुसरीकडेच असते, हातात काहीतरी असतं, समोरचा माझ्याकडे विचित्र बघत असतो, आणि मी हसून वेळ मारून नेते. आयुष्यभर तेच केलंय. किती वाजले हे मी दिवसातून किती वेळा विचारते ते तुम्हाला माहीत आहे. या वेळी दिवे गेले नाहीत. मी फक्त मागे सरकले, रिक्षात मागच्या सीटवर बसतो तशी. समोरचं सगळं दिसत होतं. डॉक्टर म्हणतात याला सहजाणीव म्हणतात. दोघी एकाच वेळी जाग्या. मी त्यांच्याकडून हा शब्द कितीदा ऐकला होता आणि मला ते कधी जमणार नाही असं वाटायचं.

मी बघितलं, माझ्या डाव्या हाताने हरीशची बाही ओढली. "मला ते हवंय."

हरीश एकदम ताठ झाले. मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी माझ्या नावाने हाक मारली नाही. विचारलं, "कुठल्या रंगाची बाटली?"

"हिरवी."

त्यांनी हिरवी घेतली. इस्त्रीची पँट घालून आले होते, तसेच गवतावर खाली बसले. पुट्टी बाकावर, गुडघे वर घेऊन. ती त्यांना निरखत होती. मग विचारलं, "तू कोण?"

मागे बसून मी ऐकत होते. हा प्रश्न माझ्या नवऱ्याला माझ्याच तोंडाने विचारला होता.

ते म्हणाले, "मी आज्जीचा मुलगा."

"आज्जीचा मुलगा दार लावतो."

"लावत होतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "आता घरात कड्याच नाहीत. आज्जीने काढून टाकल्या. आणि असत्या तरी मी लावणार नाही."

ती विचार करायला लागली. तिचा विचार मला ऐकू येत होता, म्हणजे शब्द नव्हे, पण छातीत काहीतरी घट्ट धरलेलं हळूहळू सुटत होतं. आणखी कुणीतरी माझ्या शेजारीच उभं होतं, हात बांधून, लक्ष ठेवून. गिरीच असणार. तो पुढे आला नाही. मग तिने बाटली त्यांच्यापुढे धरली. "मग तू फुंक. मला मोठे होत नाहीत."

त्यांनाही होत नव्हते. पुट्टी हसायला लागली. बागेत आलेली माणसं बघत होती, एवढी मोठी बाई फुगे धरायला पळतेय आणि एक माणूस गुडघ्यांवर माती घेऊन फुंकतोय. हरीशना लोकांनी बघितलेलं किती आवडत नाही ते तुम्हाला माहीत आहे. ते बाटली संपेपर्यंत फुंकत होते.

हे मला कुणी सांगितलेलं नाही, अत्ते. मी पाहिलंय. ती दमून मागे आली आणि मी पुढे गेले तेव्हा हरीश माझ्याकडे बघून म्हणाले, "काय झालं ते सांगू का?" मी म्हटलं, "नको. मला माहीत आहे." ते रडले. मी नाही रडले, मी फार खुशीत होते.

गिरीने काल तिरक्या अक्षरात एक ओळ लिहून ठेवलीय, ती तुम्हाला कळवायला सांगितलंय: 'पुढच्या रविवारी आला तरी चालेल.'

मला अजून इथे बराच काळ राहावं लागेल. सगळे दिवस असे नसतात. सोमवारची सकाळ पुन्हा पूर्ण गेली, कुठे गेली माहीत नाही. पण रविवारची दुपार सगळीच्या सगळी माझ्याकडे आहे. संध्याकाळी खोलीवर आले तेव्हा हातांना साबणाचा वास येत होता, आणि तो कशाचा हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

तुमची,
अश्विता